व्रुब्लेव्स्कीचा निळा रंग

संपादक महोदय,

सत्ता आणि कलावंत यांच्या नात्यावरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आंद्रेय व्रुब्लेव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव मराठी पेपरात दिसलं याचाच मला मोठा आनंद झाला. पण त्याच्या १९४९ सालच्या 'गोळीबार' मालिकेतलं (महायुद्धात गोळ्या घालून मारलेल्या माणसांच्या चित्रांतलं) चित्र आपण कृष्णधवल छापलंत आणि तिथेच घात झाला. त्या चित्रांत रक्त जवळजवळ नाहीच. जिवंत माणूस अंगाच्या रंगाचा, मेलेला निळा. निळा काढून घेतला की मेला कोण आणि उरला कोण, हेच कळत नाही. कृपया एक चित्र रंगीत छापा, निदान अर्ध्या पानाचं.

मी वेंगुर्ल्यात चित्रकला शिकवली, अजूनही सुट्टीत मुलं घरी येतात. त्यांना मी व्रुब्लेव्स्कीचा 'निळा चालक' दाखवतो. गाडी चालवणारा माणूस, आपल्याला पाठमोरा, सगळा निळा. एका मुलीचे वडील मासळीचा टेम्पो घेऊन रात्रीचे घाट चढतात. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, हो मेललो आसा, तरी गाडी चलवता." मी काहीच समजावून सांगितलं नव्हतं.

हा निळा त्याने हौसेने शोधला नव्हता. जन्म १९२७चा, विल्नो शहरातला (आजचं लिथुआनियातलं विल्नियस). १९४१मध्ये जर्मन सैनिक घराची झडती घेत असताना वडिलांचा हृदय बंद पडून मृत्यू झाला, या पोराच्या डोळ्यांदेखत. 'मुलगा आणि मारलेली आई' या चित्रात पोरगं निळ्या आईला बिलगलेलं आहे. ते रंगवणारा अवघा बावीस वर्षांचा होता.

लेखात त्याला 'कम्युनिस्ट राजवटीचा बळी' म्हटलंय, ते मला पटत नाही. त्याची गोष्ट त्याहून अवघड आहे. पोलंडमधल्या क्राकूवच्या कला अकादमीत रंगसौंदर्याच्या उपासक प्राध्यापकांविरुद्ध त्याने मित्रांचा गट उभा केला. आंद्रेय वायदा त्याच गटातला, तो पुढे सिनेमाकडे गेला. सामान्य माणसासाठी चित्र काढायचं, हे व्रुब्लेव्स्कीला मनापासून हवं होतं. म्हणूनच सरकारने समाजवादी वास्तववाद, म्हणजे कामगार आणि राजवट यांचा गौरव करणारी सरकारमान्य शैली, लादला तेव्हा त्यानेही काही वर्षं प्रामाणिकपणे तसं रंगवून पाहिलं. त्या काळातली त्याची चित्रं मला निर्जीव वाटतात. पण त्यामागे लाचारी नव्हती, विश्वास होता, आणि तो विश्वास तुटतानाही त्याने माणसाचं चित्र सोडलं नाही. १९५६च्या 'रांग चालूच आहे' मध्ये माणसं खुर्च्यांवर नुसती वाट बघत बसलीत. त्याच सुमाराच्या दुसऱ्या चित्रांत तर बसणारा आणि खुर्ची एकजीव होऊ लागलेत. दाखल्यासाठी दिवस घालवलेल्या कुणालाही ही चित्रं पोलंडची वाटणार नाहीत.

मार्च १९५७मध्ये तात्रा डोंगरात एकटा फिरताना तो गेला. वय २९.

आणखी एक विनंती. त्याची आई क्रिस्तिना स्वतः ठसेचित्रकार होती आणि लाकूड कोरून छापायला तो तिच्याकडूनच शिकला. लेखात तिचा उल्लेखही नाही. लेखकाने तिच्यावर स्वतंत्र लिहावं. लिनो (छापण्यासाठी कोरायचा मऊ लिनोलियमचा तुकडा) कोरणारी माझ्याकडची मुलं ते वाचतील.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वेंगुर्ले