बढती नाकारली, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आपलं तिघांचंही बोलणं भलतीकडेच जातं, म्हणून लिहिते. बढती मी नाकारली. तसं कळवूनही झालंय. नोकरी आहे, पगार आहे, हप्ते वेळेवर जातात. बाबा, तुमच्या कारखान्याच्या वेळचं इथे काही नाही. जेवतेही वेळेवर. गच्चीवर जाताना कानटोपी घालते, तीच, आईने विणलेली. नव्या जागेवर रात्रीच्या मीटिंगा होत्या आणि रात्री मला हव्या आहेत. कारण एवढंच. तुम्हाला ते पुरणार नाही, माहीत आहे.

ययाती तारकासमूहात अलगोल नावाचा तारा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी एक मंद जोडीदार त्याच्यासमोरून जातो. सुमारे पाच तास तारा उतरत जातो, मग तितकाच वेळ चढतो. दुर्बीण लागत नाही. शेजारचा एक जास्त ठळक तारा धरायचा, एक कमी ठळक, आणि हा त्या दोघांत नेमका कुठे बसतो ते नजरेने ठरवून वहीत टिपायचं. थोड्या वेळाने पुन्हा. १७८३ साली जॉन गुडरिक नावाच्या कर्णबधिर मुलाने असंच बघून बघून हे कोडं मांडलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी गेला बिचारा. कशाने ते विचारू नकोस, आई. कानटोपीचं वर लिहिलंय.

तू म्हणतेस, देवापुढे पाच मिनिटं बसत नाहीस आणि गच्चीवर अर्धी रात्र काढतेस. अगं, तिथे माझं 'मी मी' थांबतं. ऑफिसात कोण काय बोललं ते आठवतही नाही. मी बघितलं नाही तरी तारा त्याच्या वेळेला मंदावणारच, याचंच मला बरं वाटतं. जपात तुझं मन लागतं तेव्हा असंच होत असावं. याला भक्ती म्हणायचं की नाही ते तू ठरव, मी वाद घालणार नाही.

आणि बाबा, हे वेड तुमचंच. वीज गेली की तुमच्या पोटावर डोकं ठेवून सप्तर्षी मोजायचे, मग तुम्ही मला उचलून खाली न्यायचात. मी जागीच असायचे. तुम्हाला कळत होतं ना?

आता ऐका. माळ्यावरची पेटी खाली काढा. स्वतः स्टुलावर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. भाता फाटला असेल, दुरुस्तीला द्या, पैसे मी पाठवते. काका गेल्यावर तुम्ही ती का बंद केलीत ते समजतं, म्हणूनच इतकी वर्षं कुणी विषय काढला नाही. पण संध्याकाळी आईला घर खायला उठतं, हे तिने मला सांगितलंय, तुम्हाला नाही. बोटं वळत नाहीत तर सावकाश वाजवा. आई, गुडघ्याचं निमित्त नको, खुर्चीत बसून गा. बीपीची गोळी आधी.

रविवारी फोन करीन, तेव्हा पेटी खाली आली का ते आधी विचारणार आहे.

तुमची,
मनू