सूर्य डोक्यावर आणि आम्ही रांगेत : बँकॉक शहर दर्शनाबद्दल तक्रार

पुणे, ६ मे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

विषय : एप्रिलअखेरच्या थायलंड सहलीत (ज्येष्ठ नागरिक गट) बँकॉक शहर दर्शनाचा क्रम परस्पर बदलल्याबद्दल व एक स्थळ गाळल्याबद्दल.

महोदय,
स. न. वि. वि.

सहलीहून परतल्यावर आपल्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. पाचपैकी किती गुण द्याल, असे तिने विचारले. मी बँकॉकच्या दिवसाबद्दल सांगू लागलो, तर ‘तिकडे उन्हाळाच होता ना सर, ते आमच्या हातात नसतं’ असे म्हणून तिने विषय संपवला. तिला तेवढेच पढवलेले असणार, तिच्यावर राग नाही. पण माझी तक्रार उन्हाबद्दल नव्हतीच. ऊन आपल्या हातात नसते, हे मलाही कळते. उन्हात कोणाला किती वाजता उभे करायचे, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात होते.

आपल्या छापील कार्यक्रमात त्या दिवसाचा क्रम असा आहे : सकाळी ८.३० वाजता ग्रँड पॅलेस हा राजवाडा व त्यातला पाचूचा बुद्ध, मग वाट फो हे देऊळ, फेरीबोटीने नदीपलीकडे वाट अरुण हे दुसरे देऊळ, त्यानंतर भारतीय जेवण आणि हॉटेलवर विश्रांती. हा क्रम वाचूनच मी तिघांचे पैसे भरले. राजवाडा साडेआठला उघडतो आणि आत निम्मे आवार उघडे आहे, त्यामुळे ऊन चढायच्या आत बाहेर पडायचे हा हिशेब कोणाही शहाण्या माणसाला पटेल.

प्रत्यक्षात साडेआठ वाजता आमची बस एका रत्नांच्या शोरूमसमोर उभी राहिली. कार्यक्रमात या थांब्याचा उल्लेख नाही. ‘दहा मिनिटं फक्त, खरेदीची सक्ती नाही,’ असे टूर मॅनेजर म्हणाले. सक्ती नव्हती, हे खरे. मात्र आत आधी माणके-नीलमांवरची चित्रफीत, मग पैलू पाडणारे कारागीर आणि मग हिंदी बोलणाऱ्या विक्रेत्यांनी भरलेले दालन. बाहेर पडायची वाट त्या दालनातूनच. ज्यांना काही घ्यायचे नव्हते ते बसकडे परतले, तर बसला कुलूप आणि चालक गायब. आम्ही तिथून निघालो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

बँकॉकमधली एक जुनी फसवणूक प्रवासी मंडळींना ठाऊक आहे. ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून टुकटुकवाला (तिथला रिक्षावाला) परक्या माणसाला रत्नांच्या दुकानात नेऊन सोडतो. आम्हाला त्यासाठी टुकटुक करावी लागली नाही. आपल्या वातानुकूलित बसनेच ती सोय केली.

शहरातल्या गर्दीतून वाट काढत बस राजवाड्याच्या बाजूला पोचली. दारापर्यंत जाता येत नाही म्हणून तिने आम्हाला लांब सोडले. तिथून चालत प्रवेशद्वारापाशी आलो, तर तिथे दुसरी अडचण. आपल्या सूचनापत्रकात ‘हलके कपडे, थ्री-फोर्थ, बिनबाह्यांचे चालतील’ असे लिहिले आहे. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. हा नियम जुना आहे, कडक आहे आणि आपल्यासारख्या अनुभवी कंपनीला माहीत नसणे शक्य नाही. आमच्यातल्या चार-पाच जणांना अडवले. समोरच्या दुकानातून हत्तींच्या नक्षीच्या ढगळ विजारी घेऊन ते परत येईपर्यंत बाकीचे सगळे उन्हात. साडीतल्या बायका तेवढ्या निर्धास्त होत्या.

आता वेळेचा मुद्दा नीट सांगतो, कारण मी आयुष्यभर भूगोल शिकवला आहे. पुण्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो, मेच्या मध्याला येतो. बँकॉक पावणेचौदा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आपल्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो. सूर्य नेमका माथ्यावर येतो तो तिथल्या घड्याळात सव्वाबाराच्या सुमाराला. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांचा आपला गट नेमक्या त्याच आठवड्यात, नेमक्या त्याच वेळेला राजवाड्याच्या फरसबंदीवर तिकिटांची वाट पाहत उभा होता. उंच भिंतींचीसुद्धा सावली वीतभर उरली नव्हती. ठरल्याप्रमाणे साडेआठला गेलो असतो, तर याच भिंतींची सावली अर्ध्या आवारात मिळाली असती.

‘हवामान साधारण पुण्यासारखेच’ हे आपल्या पत्रकातले वाक्यही काढून टाका. पुण्याचे एप्रिलमधले ऊन कोरडे असते. घाम येतो, वाळतो आणि वाळताना अंग निववतो. बँकॉकला थायलंडच्या आखातावरून दमट हवा येते, तिथे घाम वाळतच नाही. पारा पुण्यापेक्षा दोन अंश खाली असला तरी शरीराला त्याचा काही उपयोग होत नाही. वयस्कर माणसांच्या गटाला हे आधी सांगायला हवे. पाण्याची बाटली बसमध्ये माणशी एकच मिळाली, तीही सकाळी. दुसरी थेट वाट फोमध्ये मिळाली, ती तिथल्या प्रवेश तिकिटावर.

माझ्या थोरल्या भगिनी (वय ७४) या सहलीला आल्या त्या मुख्यतः राजवाड्याच्या आवारातली रामायणाची चित्रे पाहायला. पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत थाई रामायणाची, रामकियनची, कथा १७८ चित्रांत भिंतीवर काढलेली आहे. पांढरा हनुमान, सेतू बांधणारी वानरसेना, थोत्सकन नावाने ओळखला जाणारा रावण, सगळे आहे आणि मुख्य म्हणजे तिथे डोक्यावर छप्पर आहे. अख्ख्या आवारात वडीलधाऱ्यांना थांबवावे अशी तीच एक जागा होती. तिथूनच आम्हाला ‘चला, चला’ करत पुढे काढले, कारण जेवणाची वेळ टळत होती. ताई चौथ्या-पाचव्या चित्राशी होत्या.

मंदिरात जोडे काढून जावे लागते, ते योग्यच आहे. मूर्ती उंचीला जेमतेम ६६ सेंटिमीटर, पाचूची म्हणतात पण आहे जेड किंवा जॅस्परसारख्या हिरव्या दगडाची. तिचा पोशाख उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असा वर्षातून तीनदा बदलतात, तो मान तिथल्या राजाचा. देवाच्या कपड्यांना ऋतू कळतो. आपल्या कंपनीची डिसेंबरची आणि एप्रिलची पत्रके मी शेजारी ठेवून पाहिली, त्यांत तारखेखेरीज एक अक्षर वेगळे नाही.

मंदिरातून बाहेर येताच ताईंना चक्कर आली आणि पायात गोळे आले. टूर मॅनेजर त्या वेळी उपाहारगृहाशी फोनवर बोलत होते. एका थाई बाईने ताईंना स्वतःच्या छत्रीखाली घेतले, नाकाशी यादोमची (हुंगायच्या औषधाची) नळी धरली आणि पाणी पाजले. तिची भाषा आम्हाला कळली नाही, आमची तिला नाही. आपल्या माणसाकडे मात्र ना मीठ-साखरेची पुडी होती, ना विम्याच्या कागदांवरचा मदतीचा क्रमांक. मी ताईंना टॅक्सीने हॉटेलवर नेले, डॉक्टरांना बोलावले आणि दोन्हींचे पैसे पदरचे भरले. माझी पत्नी गटाबरोबर राहिली, म्हणून पुढचे तिच्याकडून कळले : जेवण तीन वाजता, वाट फोमधला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध घाईघाईत, आणि वाट अरुण रद्द. ‘वेळ संपली’ असे मॅनेजरनी था तिएनच्या धक्क्यावर सांगितले, तेव्हा नदीपलीकडे त्याच देवळाच्या पायऱ्यांवर माणसे चढताना दिसत होती. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे जाते.

माझ्या मागण्या अशा. वाट अरुणचा प्रवेश व फेरीबोटीचे तिघांचे पैसे, तसेच टॅक्सी आणि डॉक्टरांचा खर्च परत करावा. छापील क्रम कोणी व का बदलला, आणि त्या शोरूमकडून कंपनीला किंवा तिच्या माणसांना काही मोबदला मिळतो का, हे लेखी कळवावे. मोघम दिलगिरी नको. मार्च ते मे या काळातल्या गटांसाठी राजवाडा सकाळी पहिला ठेवावा, खरेदीचे थांबे कार्यक्रमात वेळेसह छापावेत आणि कपड्यांची सूचना दुरुस्त करावी. आपला पुढचा ज्येष्ठ नागरिक गट याच महिन्यात निघतो आहे, त्यामुळे या शेवटच्या मागणीला थांबायला वेळ नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच.

कळावे,
आपल्या सहलीतील एक प्रवासी

सोबत : छापील कार्यक्रम व सूचनापत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, टॅक्सी व डॉक्टरांची बिले, शोरूमबाहेर कुलूपबंद बसचे वेळ नोंदलेले छायाचित्र.