बॉयर-मूर म्हणजे फक्त दहा मार्कांचा प्रश्न नाही

संपादक महोदय,

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरांना बॉयर-मूर हे नाव स्ट्रिंग सर्चिंगमुळे, म्हणजे मजकुरात शब्द शोधण्याच्या पद्धतीमुळे, माहीत असतं, १९७७चा अल्गोरिदम, दहा मार्कांचा प्रश्न, विषय संपला. पण रॉबर्ट बॉयर आणि जे मूर या दोघांनी अख्खं करिअर घातलं ते दुसऱ्याच कामात, एखादं विधान बरोबर आहे हे कॉम्प्युटरकडून सिद्ध करून घेण्याच्या, आणि ते आपल्याकडे कुणी सांगतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९७१मध्ये दोघं एडिनबराला भेटले आणि सिद्धता शोधणारा प्रोग्राम, म्हणजे प्रोव्हर, लिहायला लागले. सुरुवातीची उदाहरणं अगदी साधी होती. तीन याद्या एकापुढे एक जोडायच्या, आधी पहिल्या दोन जोडा नि मग तिसरी, किंवा आधी शेवटच्या दोन जोडा, उत्तर तेच येतं हे सिद्ध करायचं. चार-दोन याद्या जोडून बघितल्या की आपली खात्री पटते पण याद्यांना अंत नाही, म्हणून इंडक्शन लागतं, रिकाम्या यादीला खरं आहे का बघायचं, मग एक घटक वाढवला तरी टिकतं का ते बघायचं, आणि हे इंडक्शन कुठल्या यादीवर लावायचं ते त्यांचा प्रोग्राम स्वतः ठरवायचा! मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

पुढे टेक्सासला ऑस्टिनमध्ये काम वाढलं. आयआयटी मद्रासमधून शिकलेले नटराजन शंकर तिथे पीएचडी करत होते, त्यांनी १९८६मध्ये याच प्रोव्हरवर गोडेलच्या अपूर्णतेच्या प्रमेयाची (गणितात काही खरी विधानंही दिलेल्या नियमांतून सिद्ध करता येत नाहीत, असं सांगणाऱ्या) सिद्धता तपासून घेतली.

मग १९९४मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचा घोळ झाला. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचं उत्तर १.३३३८ यायला हवं तिथे १.३३३७ यायचं, कारण काय तर चिपमधल्या एका तक्त्यात पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या, आणि इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. १९९५मध्ये मूर आणि मॅट कॉफमन यांनी टॉम लिंच यांच्यासोबत इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या के५ चिपचा भागाकार बरोबर आहे हे एसीएल२ या, त्याच जुन्या प्रोव्हरवरून पुढे बनवलेल्या प्रोव्हरवर सिद्ध करून दाखवलं. बॉयर, कॉफमन, मूर यांना या प्रोव्हरसाठी एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या जागतिक संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला तो २००५चा, सुरुवातीपासून मोजलं तर चौतीस वर्षं झाली.

आज एआयने लिहिलेला कोड सगळीकडे घुसतोय, तो बरोबर आहे कशावरून हे विचारणारी माणसं आपल्याला लागणारच आहेत. तुमच्या पुरवणीत एआयवर इतकं छापता, तर या कामावरही मराठीत एक सविस्तर लेख येऊ द्या. वरचं याद्यांचं उदाहरण अकरावीच्या पोरालाही कळेल, इंडक्शन त्याला त्याच वर्षी शिकवतात.

– एक वाचक, सांगली