आधी सोफा, मग स्पीकर: काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण घरातली स्टिरिओ सिस्टिम सुधारायची तर सुरुवात कुठून करायची, इथे अडलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून उघडच लिहितेय.

"कुठला अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही एकाही मॉडेलचं नाव घेतलं नाहीत. "आत्ता नेमकं काय खटकतंय?" एवढंच विचारलंत. बेस घुमतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता पसरट वाटतो, असं मी म्हटल्यावर तुम्ही टेप काढून थेट खोलीच मोजलीत. लांबी 4.3 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे या लांबीत सुमारे 40 हर्ट्झच्या खोल सुराची अर्धी लाट बरोबर मावते आणि तो सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो. माझा सोफा नेमका मागच्या भिंतीला चिकटलेला! तो पुढे ओढला, स्पीकरही भिंतीपासून सुटे केले, आणि घुमणं बरंचसं ओसरलं.

मग तो आरशाचा प्रयोग. मी सोफ्यावर, तुम्ही बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवताय, आणि मला त्यात स्पीकर दिसला की "थांबा" म्हणायचं. तिथूनच आवाज भिंतीवर आपटून उशिरा कानावर येतो, म्हणून त्या जागी पुस्तकांचं कपाट आलं. दोन स्पीकर आणि मी असा समभुज त्रिकोण जुळवल्यावर गाणारी बाई अखेर मधोमध येऊन उभी राहिली. (घरच्यांना खोलीची नवी मांडणी अजून रुचलेली नाही, ते सोडा.)

अ‍ॅम्प्लिफायरचा सोस मात्र हिशेबानेच उतरला. 50 वॉटचे 100 केले तर वाढ फक्त 3 डेसिबलची. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट! उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते, 86 ऐवजी 89 डेसिबल असली की तेच 3 डेसिबल आयते मिळतात. तरी मी मैत्रिणीचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणून ऐकलाच, आणि तो सरसही वाटला. तुम्ही मल्टीमीटर घेऊन आलात, एकच टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज दोन्हीकडे सारखं केलंत आणि कुठला चालू आहे ते न सांगता ऐकवलंत. मला एकदाही खात्रीने ओळखता आलं नाही. जरासा मोठा वाजणारा आपल्याला चांगलाच वाटतो, हे तेव्हा कळलं.

तुमचं एक सूत्र मी आता सगळ्यांना सांगत सुटते: जिथे विजेचं हालचालीत रूपांतर होतं किंवा हालचालीचं विजेत, तिथे आवाज सर्वात जास्त बिघडतो. म्हणून पैसे आधी स्पीकरवर, आणि रेकॉर्ड ऐकत असाल तर कार्ट्रिज (सुईच्या थरथरीची वीज करणारा छोटा भाग) आणि सुईवर. साध्या सीडीच्या 16 बिटांतही अगदी हळू ते मोठ्या आवाजापर्यंतचा सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मावतो, तेव्हा डॅक (डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र) शेवटी. अ‍ॅम्प्लिफायर बदलायचाच, तर स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे कमी रोधाचे आणि जास्त करंट ओढणारे आहेत आणि सध्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते पेलत नाहीत म्हणून, किंवा आवाज वाढवल्यावर तो फाटतोय म्हणून.

वायरीबद्दल मात्र तुमचं पूर्ण ऐकलं नाही. अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते, हे पटलंय. पण मला वेणी घातलेली ती निळी आवडली, दिसायला. तेवढं चालवून घ्या.

आता स्पीकर ठरलेत. दोन जोड्या घरी आणून, याच जागी ठेवून, आवाज सारखा करून निवडले. तुमचा मल्टीमीटर अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते.

तुमची ऋणी,
सोफा हलवलेली पुतणी