झेड-८० च्या पर्यायी चिपना डेटाशीट पुरेशी नाही

महोदय,

१९७६ मध्ये बाजारात आलेल्या झेड-८० मायक्रोप्रोसेसरच्या मूळ स्वरूपातील चिपच्या ऑर्डर घेणे झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये थांबवले. आता पर्यायी चिप घडवण्याचे प्रयत्न होत आहेत आणि ते स्वागतार्हच आहेत. परंतु डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या चिपच्या माहितीपत्रकात, छापलेल्या आज्ञा बिनचूक चालल्या की काम झाले, असे मानणे मला धोक्याचे वाटते. फ्लॅग रजिस्टरमधील (निकालाच्या खुणा, म्हणजे फ्लॅग, ठेवणाऱ्या चिपमधील जागेतील) बिट क्रमांक ३ आणि ५ डेटाशीटने बिनकामाचे म्हणून सोडून दिले असले, तरी प्रत्यक्ष चिपमध्ये बेरीज-वजाबाकीनंतर त्यांत उत्तराचेच बिट उतरतात. डेटाशीटमध्ये नसलेली ‘ईडी ७१’ या संकेतांकाची आज्ञा तर जुन्या एनमॉस तंत्राने बनवलेल्या चिपमध्ये पोर्टवर (बाहेरच्या उपकरणांशी जोडणाऱ्या मार्गावर) ० पाठवते आणि नंतरच्या सीमॉस तंत्राच्या चिपमध्ये २५५! झेड-८० वर चालणाऱ्या झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावरील कित्येक प्रोग्रामांत अशा छुप्या आज्ञा वापरलेल्या आहेत. त्यामुळे आपली चिप यांपैकी कोणत्या आवृत्तीशी जुळते, हे पर्यायी चिप विकणाऱ्याने स्पष्ट लिहून दिलेच पाहिजे. शिवाय जुनी आणि नवी चिप शेजारी शेजारी चालवून, प्रत्येक आज्ञेनंतरचे सगळे फ्लॅग ताडून पाहावेत आणि न जुळलेले निकालही प्रसिद्ध करावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे