पलीकडच्या टोकाला कोणीतरी हवे

कर्जत, दि. १९ ऑक्टोबर

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे कॉलरबोन मोडल्याचे तू आम्हाला नऊ दिवसांनी सांगितलेस, पण तुझ्या आईला ते आधीच कळले होते. एरवी टी-शर्टात वावरणारा मुलगा लागोपाठ तीन वेळा व्हिडिओ कॉलवर पुढून बटणे असलेला सदरा घालून बसतो आणि फोनही डाव्या हातात धरतो, तेव्हा त्याचा उजवा हात वर जात नसणार, हे तिने ओळखले. आम्हाला काळजी लागू नये म्हणून तू बोलला नाहीस, हे मी समजू शकतो. रागावण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. एवढेच विचारायचे आहे, की सायकल घेऊन त्या जंगलात तू एकटा का गेलास?

मे महिन्यात तू तिकडे अमेरिकेत पिट्सबर्गहून कंबरलंडपर्यंत सायकलने गेलास, तेव्हा मी तीन रात्री नकाशा घेऊन बसलो होतो. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा १९७५ साली बंद पडलेला मार्ग सायकलींसाठी वापरून पुढे पूर्ण केलेली ती २४० किलोमीटरची वाट पाहून माझ्यासारख्या रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसाला काय वाटले असेल, ते तुला ठाऊक आहे. तिचा सर्वांत कडक चढ कंबरलंडच्या बाजूला, पावणेदोन टक्के, म्हणजे साधारण ५७ ला १ (५७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर). आपल्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे आणि म्हणूनच गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावावी लागतात. सॉल्सबरीच्या ५८० मीटर लांबीच्या पुलावरचा तुझा फोटो मी तात्यांना, आत्याला आणि रुळांची देखभाल करणाऱ्या आमच्या गँगमधल्या जुन्या माणसांनाही दाखवला.

अशी वाट आखणाऱ्याने चढ आणि वळण आधीच मोजून ठेवलेले असते, त्यामुळे माणसाचे लक्ष क्षणभर ढळले तरी ती सांभाळून घेते. तू जिथे पडलास, ती ओहायोपाइलच्या शुगरलोफ डोंगरावरची सिंगलट्रॅक तशी नाही. जेमतेम एका सायकलीपुरती पायवाट, त्यात या दिवसांत पानगळीखाली झाडांची मुळे दिसत नाहीत. ओल्या मुळावर चाक तिरके पडले की सरकते, आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हे सगळे तूच मला समजावून सांगितले होतेस आणि मी ते तुलाच शिकवत बसलो आहे. क्षमा कर.

पण एकटा जाऊ नकोस. घाटात पावसाळी गस्तीचा माणूस कंदील, गाडीला इशारा देण्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके आणि गस्तीचे पुस्तक घेऊन निघे आणि हद्दीच्या टोकाला पलीकडच्या माणसाशी पुस्तकाची अदलाबदल करी. ठरल्या वेळी तो पोचला नाही, तर काहीतरी घडले आहे असेच धरले जाई. मंकी हिलच्या बाजूला जुलैतल्या एका रात्री असाच एक जण आला नाही. पाऊण तासात आम्ही त्याला शोधून काढले. दरडीच्या दगडाखाली त्याचा पाय अडकला होता. तो वाचला, कारण पलीकडे कोणीतरी त्याची वाट पाहत होते. तू पडलास तेव्हा तुझी वाट कोण पाहत होते? तूच म्हणालास, की फोनला रेंज नव्हती आणि हात छातीशी धरून तू चाळीस मिनिटे सायकल ढकलत आलास. ती चाळीस मिनिटे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पळसदरीच्या उतारावर हिरवी सायकल घेऊन पडलास, तेव्हा तू सात वर्षांचा होतास. गुडघ्यातून रक्त वाहत असताना तू आधी साखळी बसवलीस आणि मग रडलास. त्या दिवशी मी आईला म्हणालो होतो, की हा पोरगा थांबणार नाही. आजही तू थांबावेस असे मला वाटत नाही. हाड जुळले, डॉक्टरांनी परवानगी दिली, की जरूर जा. पण कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे खोलीतल्या मित्राला सांगून जा. तो नसेल तर मला कळव. तेव्हा इथे रात्र असेल, पण रात्री जागण्याची मला सवय आहे.

तुझा,
बाबा

ता. क. तू पाठवलेल्या फोटोत हेल्मेटला कानामागे चीर दिसते. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. नवे घे, पैसे मी पाठवतो.