फ्रिज कुठे ठेवतेस?

नाशिक, रविवार

चि. सोनूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हॉस्पिटलचा नकाशा फोनवर मोठा करकरून पाहिला. साठ खोल्या आणि प्रत्येक खोलीत फ्रिज! तुझे साहेब म्हणतात, हॉटेलात असतो तसला बिनआवाजाचा घ्यायचा. सातपूरच्या दुकानात जन्मभर फ्रिजच्या पाठीमागेच बसलो, तेव्हा बोलल्याशिवाय राहवत नाही.

आवाजाचं साहेबांचं खरं आहे. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा खोलीतला फ्रिज तिच्या उशाशीच होता. कॉम्प्रेसर बंद होताना धप्प व्हायचं आणि ती दचकून टाके धरायची. मागे हात घातला तर एक रबरी पाय गायब, बॉडी भिंतीच्या टाइलला टेकलेली. रात्री दोन वाजता माझ्या स्लीपरचा तुकडा कापून खाली सरकवला, तेव्हा कुठे झोपली. दाराच्या कप्प्यात आधीच्या पेशंटचं अर्धं वापरलेलं इन्सुलिनचं पेन होतं आणि खाली दह्याची वाटी, वर हिरवी बुरशी.

हॉटेलातल्या फ्रिजला बहुधा कॉम्प्रेसर नसतो. हीटरने अमोनिया तापवून गारवा करतात. स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढलेली युक्ती, आणि फार हुशार! पण वीज खातो. लहान कॉम्प्रेसरवाला दिवसाला अर्ध्या-पाऊण युनिटात भागवतो, हा युनिटभर तरी ओढतो. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, मग ती बाहेर काढायला एसी. दुसरा बिनआवाजाचा प्रकार पेल्टियरचा, म्हणजे वीज सोडली की एक बाजू गार होणाऱ्या चकतीचा. तो बाहेरच्यापेक्षा फार तर वीसेक अंश खाली जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० ला टेकतो, आणि खालच्या मजल्यावर एसी नाही म्हणालीस. खोली ३५ वर असली तर आत १५. दूध ५ च्या खाली हवं. म्हणजे तो फ्रिज नव्हे, कपाट.

माझं मत साध्या कॉम्प्रेसरवाल्याला, पण उशाशी नको, पायथ्याकडच्या भिंतीला. आणि जमिनीवर नको. पोटाला टाके असलेल्या बाईने वाकायचं कसं? तू टेबलाखाली प्लायची पेटी दाखवली आहेस. सुतार ती मागून गच्च बंद करणार, हे लिहून ठेव. खाली-वर जाळी सोडायला सांग, नाहीतर कॉइलची उष्णता कोंडते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही.

जनरेटरच्या लाईनवर हे फ्रिज घेऊ नकोस. सुरू होताना कॉम्प्रेसर चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढतो. साठ जण एकदम उठले तर बघ. शिवाय वीज जाऊन लगेच आली तर गॅसचं प्रेशर उतरलेलं नसतं, मोटर नुसती हुंकारते आणि ओव्हरलोडचा स्विच टिक करून वीज तोडतो. वीज गेली तरी दार उघडलं नाही तर तासभर काही बिघडत नाही.

औषध मात्र या फ्रिजात ठेवूच देऊ नका. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. लहान फ्रिजात बर्फाच्या कप्प्याजवळ सहज गोठतं. ते सिस्टरांच्या टेबलाशी, थर्मामीटर लावलेल्या फ्रिजात.

खरं विचारायचं ते वेगळंच. डिस्चार्जच्या दिवशी हा फ्रिज रिकामा कोण करणार? सिस्टर म्हणतील मावशी, मावशी म्हणतील नातेवाईक, आणि नातेवाईक बिलाच्या रांगेत. पेशंटला बघायला येणारा प्रत्येक जण द्राक्षांची पिशवी घेऊन येतो, हे नाशिक आहे बाई. साहेबांकडे या कामाला नेमलेला माणूस नसेल तर साठ घेऊ नका. बाळंतिणींच्या खोल्यांत आणि मोठ्या खोल्यांत द्या, बाकी प्रत्येक मजल्याच्या पँट्रीत एक मोठा, डब्यावर खोली नंबर आणि तारखेची चिठ्ठी. नंबर नाही तो डबा संध्याकाळी बाहेर.

येशील तेव्हा नकाशाची छापील प्रत आण. दार पलंगाकडे उघडतंय की भिंतीकडे, ते फोनवर मला काही दिसेना.

आई बरी आहे, तळलेलं मागते आहे.

तुझे बाबा